पांढऱ्या गाडीचा धूर

१२ फेब्रुवारी

अगं,

तीन कागद फाडले. 'प्रिय' लिहिलं तर म्हणशील, आता कुठून सुचलं. नाव लिहावं तर मलाच परकं वाटतं, अकरा वर्षांत तुला नावाने हाक मारली असेल तर शपथ. तेव्हा 'अगं'च राहू दे. ऐकायचं नसेल तर ऐकू नकोस, पूर्वीही कुठे ऐकायचीस.

कारण खास काही नाही. तुझं शिलाई मशीन अजून इथेच आहे, खिडकीखाली, तू ठेवलं होतंस तसंच. त्याच्यावर आता आईच्या गोळ्यांचे डबे असतात. पाठवू का? पायाचं आहे, वजन भरपूर, पण बांधून पाठवता येईल. तू गणवेश शिवायच्या कारखान्यात लागलीस असं तुझ्या वहिनीकडून कळलं. तिथे मशीन असणारच, पण आपलं ते आपलं.

आईचं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. तिला नवीन काही लक्षात राहत नाही. जुनं सगळं पाठ, कोण कोणाच्या लग्नात काय बोललं ते शब्दन्शब्द. पण सकाळी सांगितलेलं दुपारी विचारा, पालथ्या घड्यावर पाणी.

माझं तेच चाललंय. काचेची केबिन, गाड्यांचा धूर तपासायचं मशीन, लांब नळी, आणि समोर गाड्यांची रांग. शेजारच्या झेरॉक्सवाल्याची पांढरी गाडीही तिथेच उभी असते. आठवते ना? तुझा तिच्यावर फार राग. ज्या गाडीचा धूर काळा, तिच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा आणि नळी मात्र पांढऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालायची. गाडी पास, मालक खूश, गिऱ्हाईक खूश. तू डबा घेऊन आलीस की म्हणायचीस, "ज्याचा धूर त्याच्या नळीतून मोजा की, लाज कशी वाटत नाही?" मी म्हणायचो, सगळेच करतात. सगळे करतातच. त्यात मी खोटं बोललो नव्हतो.

गेल्या आठवड्यात एक डॉक्टरबाई आली होती. धुरात काम करणाऱ्यांची तपासणी म्हणे. आम्ही नळीवाले, चौकातले ट्रॅफिक पोलीस, नाक्यावर पावत्या फाडणारे. रक्त घेतलं, आणखीही काय काय घेतलं. नाव विचारलं नाही, नुसता नंबर दिला. मी सतरा. सहज सांगितलं.

मशीनचं कळव.

३ मार्च

अगं,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला माहीत आहे. मशीन हे निमित्त होतं. त्या तपासणीत आमचे इतर नमुनेही घेतले होते. नवराबायकोच्या कामाचे. समजून घे. त्याचा रिपोर्ट आला.

डॉक्टरबाईने मला एकट्याला बसवून सांगितलं. माझ्या भाचीच्या वयाची पोर, पण लाजली नाही. मीच मेल्याहून मेल्यासारखा झालो. म्हणाली, "काका, जवळजवळ काहीच नाही." मग समजावून सांगितलं. हार्मोन म्हणजे शरीरातले निरोपे, एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारे. गाडीच्या धुरात अशी काही द्रव्यं असतात की ती निरोप्याचा वेश घेऊन आत शिरतात. शरीर फसतं. खोटा निरोप खरा मानतं आणि खरा निरोप्या दाराबाहेर उभा राहतो. मी म्हटलं, "म्हणजे आमचाच धंदा की." ती हसली नाही.

मी विचारलं, "हे धुरामुळेच झालं असं लिहून द्याल का?" म्हणाली, "नाही. एका माणसाकडे बोट दाखवून असं कोणालाच सांगता येत नाही. पण अठरा वर्षं तुम्ही त्या नळीपाशी बसलात, तोंडाला फडकंही न बांधता. मला नवल वाटत नाही."

तर दोष माझ्यात आहे. तुझ्यात नाही. आत्ता कळलं, म्हणून आत्ता सांगितलं. तू आता शांत झोपत जा.

२७ मार्च

तुझं पत्र आलं. चार ओळी. वर 'अहो' नाही, खाली नाव नाही. ते ठीकच आहे.

'मशीन नको. दोष तुमच्यात असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काय होता? यजमानांचं सगळं उत्तम, असं त्यावर लिहिलं होतं. मी स्वतः वाचलं होतं. याचं उत्तर द्या.'

अगं, पोलीस तरी बरे. निदान आधी बसा म्हणतात. उत्तर सोपं आहे. तेव्हा मी आठच वर्षं धुरात होतो, आता अठरा झाली. विष काय एका दिवसात चढतं? हळूहळू चढलं. डॉक्टरबाईला मुद्दाम विचारलं, 'असं होऊ शकतं' म्हणाली. तेव्हाचा रिपोर्ट तेव्हा खरा, आताचा आता खरा. झालं समाधान?

आणि मशीन नको म्हणजे काय? तुझं आहे ते. मी बांधायला घेतलंय.

२ एप्रिल

अगं,

मागचं पत्र फाडून टाक.

मशीन बांधताना त्याचा खण उघडला. रीळं, बॉबिन, मोडकी कात्री, आणि खाली तुझी फाइल. दवाखान्याची, निळी, दोरीने बांधलेली. इतकी वर्षं आईच्या गोळ्या तिच्यावर होत्या आणि मला पत्ता नाही. मी जमिनीवर बसून सगळी वाचली. कामावर गेलो नाही. तुझ्या प्रत्येक तपासणीचा कागद तारखेप्रमाणे लावलेला, आणि प्रत्येकावर तेच: दोष आढळला नाही, दोष आढळला नाही. आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या कागदावर, कारण म्हणून, डॉक्टरच्या हाताने लिहिलेलं: 'पतीचा अहवाल निर्दोष असल्याने पत्नीची पुन्हा सखोल तपासणी आवश्यक.'

आता ऐक. तो अहवाल माझा नव्हता.

तुझ्याबरोबर दवाखान्यात यायच्या आधी मी एकटाच दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन आलो होतो. गुपचूप. तिथे कळलं होतं. 'जवळजवळ काहीच नाही.' डॉक्टरबाईने परवा म्हटले तेच शब्द. दहा वर्षं मला माहीत आहे. मार्चच्या पहिल्या पत्रात लिहिलं की आत्ता कळलं, ते खोटं. हळूहळू चढलं, तेही खोटं.

मग तू चिठ्ठी आणलीस, दोघांचीही तपासणी हवी म्हणून. आई चार बायकांत सांगत होती, माझा मुलगा वाघ आहे. डॉक्टर म्हणाले होते, नमुना घरून आणला तरी चालेल, पण अर्ध्या तासाच्या आत, आणि अंगाच्या उबेत ठेवून आणा. ती प्लास्टिकची डबी हातात घेऊन मी केबिनमध्ये बसलो होतो. समोर एक ट्रक धूर ओकत होता. मी त्याच्या प्लेटचा फोटो घेतला आणि नळी पांढऱ्या गाडीत घातली. हात आपोआप गेला. आणि तेव्हाच सुचलं.

झेरॉक्सवाला तीन लेकरांचा बाप. आधी हसला, मग म्हणाला, "वहिनींना कळलं तर?" मी म्हटलं, कोण सांगणार आहे? त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मी डबी रुमालात गुंडाळून काखेत धरली आणि रिक्षाने दवाखान्यात आलो. तू बाकावर बसली होतीस, माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन. म्हणालीस, "किती घाम आलाय तुम्हाला."

त्याची गाडी दुसऱ्यांच्या गाड्यांच्या जागी पास व्हायची, तो माझ्या जागी पास झाला. त्याला जन्मभर फुकट सर्टिफिकेट, एवढाच मोबदला.

मला वाटलं होतं, दोघांचंही चांगलं निघालं की डॉक्टर म्हणतील, होईल, वाट पाहा. वाट पाहत पाहत आपण म्हातारे होऊ. ते तुला चिरतील असं मला वाटलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पहिल्या वेळी तुला आत नेलं तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. परिचारिका म्हणाली बाजूला व्हा, मी बाजूला झालो. दुसऱ्या वेळचं मी लिहीत नाही. तुला माहीत आहे.

मी माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू?

१९ मे

दीड महिना पोस्टमनची वाट पाहिली. काल आलं. एवढं वाचलंय की पाठ झालंय, म्हणून इथे परत लिहितो. तू जे लिहिलंस ते मला नीट पोचलं, हे तुला दिसावं.

'वाचलं. दुसऱ्या वेळी पू झाला आणि माझ्या दोन्ही नळ्या काढल्या, ते तुम्ही लिहिलं नाहीत, मी लिहिते. त्या दिवसापर्यंत मी चांगली होते. त्यानंतर मी खरोखरच तशी झाले, तुमच्या आई म्हणायच्या तशी. दोन वर्षांपूर्वी इथल्या कटिंग मास्तरांनी मला विचारलं होतं. भला माणूस, बायको गेलेली. मी माझ्यात मुळातच दोष आहे म्हणून त्यांना नाही म्हटलं. त्यांचं आता लग्न झालंय. मला तुमच्याकडून काही नको. मशीनही नको. एक करा. तुमच्या आईंच्या मनात मी वांझ म्हणून निघून गेले, ते त्यांच्या मनातून काढा. त्या जायच्या आधी काढा. त्यांनी मला पोटच्या पोरीसारखं वागवलं होतं, पहिली चार वर्षं. मला ते परत हवं आहे. बाकी काही उरलेलंच नाही.'

करतो. आजच करतो. एवढं तरी माझ्याने होईल.

आणखी एक सांगायचं राहिलं. आठ दिवस झाले, मी नळी ज्याची त्याच्या गाडीत घालतोय. रोज दहातल्या सहा गाड्या नापास. गिऱ्हाईकं शिव्या घालतात आणि पलीकडच्या चौकातल्या केबिनमधून पास होऊन हात हलवत माझ्या समोरूनच जातात. मालक म्हणाला, "हरिश्चंद्र झालास का रे? टपरी बंद पाडायची आहे का?"

२१ मे

अगं, सांगितलं!

परवा लिहिलं खरं, पण त्या दिवशी जीभ रेटली नाही. आज सकाळी चहा झाल्यावर तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. डबी, झेरॉक्सवाला, तुझं ऑपरेशन, सगळं. एक शब्द गाळला नाही. आधी तिला कळेना. कळलं तेव्हा तिने माझ्या थोबाडीत मारली. अठ्ठ्याहत्तरची बाई, पण हात कसा, अजून जळजळतंय. "मुडद्या," म्हणाली, "माझ्या तोंडून पाप वदवलंस! माझी सोन्यासारखी सून!" मग रडली. पदर तोंडाला लावून लहान पोरासारखी रडली. म्हणाली, "तिला घेऊन ये. मी तिच्या पाया पडते."

हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. पत्र लगेच टाकायला निघालोय.

९ जून

तू येतेस! वाचून विश्वास बसेना. रविवारी सकाळची बस पकड, ती अकराला इथे पोचते. अकरालाच ये. दुपारची नको. दुपारी आई जरा थकलेली असते.

२३ जून

अगं,

हे वाचशील की नाही देव जाणे. तरी लिहितो, कारण तुझ्याशी बोलताना लपवायचं आता काही उरलं नाही. हे एक उरलंय, ते सांगतो.

त्या दिवशी आईने थोबाडीत मारली, रडली, पाया पडते म्हणाली, ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण मी पत्र टाकून परत आलो तेव्हा ती खिडकीत बसली होती. म्हणाली, "ती वांझोटी गेली ते बरं झालं बाबा, तुझ्या जन्माचं मातेरं केलं असतं." सगळं पुसलं गेलं होतं, चहाच्या कपासारखं.

तुला कळवायला हवं होतं. लेखणी उचललीही होती. पण तेवढ्यात तुझं 'येते' आलं. मला तुला बघायचं होतं. तीन वर्षांनी. बस, एवढंच कारण.

म्हणून मी तिला रोज सांगू लागलो. रोज चहानंतर. रोज ती पहिल्यांदाच ऐकायची, रोज मारायची, रोज रडायची. मी घड्याळ लावून पाहिलं: सांगितल्यावर तास, फार तर सव्वा तास टिकतं. तेव्हा रविवारी दहा वाजता सांगितलं. ती रडून मोकळी झाली, डोळे पुसले, म्हणाली, "माझी सून येतेय, मला बरं लुगडं दे." लुगडं नेसवून तिला खिडकीत बसवलं. अकरा वाजले. साडेअकरा. बारा. तुझी बस वाटेत बंद पडलीय हे मला काय माहीत. पुन्हा सांगावं म्हणून वाकलो, तर तिला ग्लानी आली होती. एवढं रडल्यावर दुसरं काय होणार.

तू एकला आलीस. ती जागी झाली. तू वाकलीस, तिच्या पायांना हात लावलास. आणि तिने पाय आखडून घेतले. "वांझोटी परत आली का रे? हिला घरात कोणी घेतलं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं होतं रडशील, ओरडशील, मारशील, मीही तयार होतो. तू फक्त आईच्या अंगावरचं नवं लुगडं पाहिलंस, घड्याळाकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "किती वेळाच्या आत आणायचं होतं मला? अर्ध्या तासाच्या?"

मग वहाणा घालून गेलीस. पाणीही घेतलं नाहीस. मशीन बांधलेलं दारातच होतं, त्याला वळसा घालून गेलीस.

त्यानंतर आठवडाभर मी आईला सांगत राहिलो. तुझ्यासाठी नाही, तू तर गेलीस. हट्टाने. एक दिवस तरी टिकेल, एक सकाळ तरी ती उठेल आणि तिला आठवेल. डॉक्टर घरी आले होते, नाडी पाहून म्हणाले, "रोज असं काय होतं हिला? काळीज किती दिवस धरेल?" शेजारची बाई म्हणाली, "अरे, म्हातारीला सुखाने मरू दे की."

माझ्याने होत नाही गं. तिचं ते रडणं रोज नवं असतं, माझं जुनं झालंय. मी थांबलो. तू म्हणालीस की बाकी काही उरलेलं नाही, हे एकच हवं आहे. तेही मला देता येत नाही. हे मी तुला आज सरळ सांगतो, हा एकच कागद असा आहे की ज्यात मी काही बदललं नाही.

टपरीवरही ज्याची त्याच्या गाडीत नळी घालणं थांबवलं. मालकाने दुसरा माणूस पाहून ठेवला होता. परवा शाळेची बस आली, काळाकुट्ट धूर, आतली पोरं खोकत होती. मी प्लेटचा फोटो घेतला. झेरॉक्सवाला दुकानातून बघत होता. त्याने न सांगताच पांढरी गाडी चालू करून दिली.

आज सकाळी आईने चहा घेताना विचारलं, "ती वांझ निघाली म्हणूनच गेली ना रे? तुझ्यात तर काही खोट नव्हती?"

मी म्हटलं, "नाही आई. माझ्यात काही नव्हती. चहा घे, गार होतोय."